कोरड्या जिल्ह्याचा समुद्र

मुंबईच्या बंदरातून हल्ली सुखसोयींनी भरलेली प्रवासी जहाजं सुटतात. २०१८ साली मुंबई ते गोवा अशी ‘आंग्रिया’ सुरू झाली होती, ती काही वर्षांतच थांबली. मग २०२१ साली ‘कॉर्डेलिया’ आली आणि गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागली. या क्रूझच्या जाहिराती आमच्या जालन्यातही वर्तमानपत्राबरोबर घरात येतात. निळं पाणी, डेकवरचा पोहण्याचा तलाव, रात्रीचं गाणंबजावणं, पंचपक्वान्नांची ताटं. शिवाय बंदरांची जुनी शहरं आणि तिथली संस्कृती दाखवून आणण्याचं वचनही असतं.

हे वचन वाचलं की मला गंमत वाटते. जहाज धक्क्याला लागतं, माणसं उतरतात, किल्ला बघतात, मासळी खातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जहाजावर. त्यात वाईट काही नाही. ज्याला परवडतं त्यानं जरूर जावं. पण बंदराची संस्कृती धक्क्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आतच असते, असा जो समज त्यातून होतो, तो इतिहासाला धरून नाही. बंदर म्हणजे दार. दार नुसतं उभं राहत नाही, त्याच्या मागं घर लागतं. कोकणातल्या बंदरांच्या मागं जे घर होतं, त्याच्या पार आतल्या खोलीत, समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटरवर बसून मी हे बोलतो आहे.

आमचा जिल्हा कोरडा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. समुद्र म्हटलं की आमच्याकडची माणसं म्हणतात, ‘आपला काय संबंध?’ संबंध आहे आणि तो दोन हजार वर्षांचा आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

भोकरदनपासून सुरुवात करू. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव केळणा नदीच्या काठी वसलेलं आहे. आज बाहेरच्या माणसाला ते नाव फारसं ठाऊक नसतं. प्राचीन काळी मात्र त्याला भोगवर्धन म्हणत, आणि ते नाव दूरवर पोचलेलं होतं. मध्य प्रदेशातल्या भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनाहून आलेले दातेही आहेत. म्हणजे बावीसेकशे वर्षांपूर्वी आमच्या भोकरदनच्या लोकांकडे दूरदेशी जाऊन दान करण्याइतका पैसा होता. हा पैसा शेतीतून आला असेल, तसाच व्यापारातूनही आला असणार.

१९७३ साली भोकरदनच्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन झालं. शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहन काळातल्या त्या वस्तीत मणी निघाले, भाजलेल्या मातीच्या मूर्ती निघाल्या आणि हस्तिदंताचं कोरीवकामही निघालं. या हस्तिदंतामुळं भोकरदनचं नाव थेट इटलीशी जोडलं गेलं.

इटलीत पॉम्पेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि अख्खं शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात उत्खनन करताना वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. मूर्ती उघडच भारतीय होती. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणू लागले. कुणी तिला यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी अभ्यासकांना वाटलं, ती मथुरेची असावी. पुढं भोकरदनला आणि तेरला तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती शिल्पं सापडली. तेव्हा पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ती मूर्ती आपल्याकडची, भोकरदनच्या बाजूची असावी, असं मत मांडलं. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून काहींचं मत वेगळं पडतं. मूर्ती तिकडच्या व्यापाऱ्याच्या हातातून गेली असेल, असंही म्हणता येतं. वाद राहू द्या. भोकरदनचा कारागीर आणि पॉम्पेईचा गृहस्थ यांच्या आवडीनिवडी एकमेकींना ओळखत होत्या, हे मात्र नक्की.

आता प्रश्न असा की, आमच्या या काळ्या मातीच्या मुलखातून माल समुद्रापर्यंत जायचा कसा? याचं उत्तर एका परक्या माणसानं लिहून ठेवलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गाची वही लिहिली. तिला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ म्हणतात. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण माणूस धंद्यातला होता. कुठल्या बंदरात काय विकतं, काय विकत मिळतं, कुठं खडक आहेत, कुठं राजा त्रास देतो, सगळं त्यानं टिपलं आहे. तो लिहितो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड मोठ्या प्रमाणात येतात, तगरहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल येते. हा सगळा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर येतो.

वीस दिवस बैलगाडीनं. डोळ्यांसमोर आणून पाहा. पैठण आमच्या शेजारचं. त्या गाड्यांचे बैल आमच्या चाऱ्यावर वाढलेले असणार. आसूड ओढणारा गाडीवान समुद्र कधी बघतही नसेल, निम्म्या वाटेवर दुसऱ्या गाडीवानाला माल सोपवून परत फिरत असेल. पण तो नसता तर भडोचच्या धक्क्यावर जहाजं रिकामी उभी राहिली असती. रोमचा प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं. त्या नाण्यांतला थोडा वाटा आमच्या गाडीवानाच्या कनवटीलाही लागला असेल.

दुसरी वाट सह्याद्री उतरून कोकणात जाणारी. जुन्नरजवळचा नाणेघाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा, असं सांगतात. हा घाट उतरला की कल्याण, सोपारा, चौल. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला. सम्राट आपला लेख कोरून ठेवतो तो वर्दळीच्या जागी, निर्जन किनाऱ्यावर नव्हे.

आणि ही वर्दळ एकतर्फी नव्हती. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४ ते ४६ दरम्यान उत्खनन झालं, तेव्हा ब्राँझची छोटी मूर्ती निघाली. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. घाटाच्या अलीकडं, उसाच्या मुलखात समुद्राचा देव! आमच्या भोकरदनची लक्ष्मी तिकडं गेली असेल आणि त्यांचा समुद्रदेव इकडं आला. कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाचं, म्हणजे अत्तरं-सुगंधी विकणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. अत्तराच्या दुकानदाराकडं लेणं कोरायला दान देण्याइतकी मिळकत होती. त्याच्या दुकानातला माल कुठून कुठून येत असेल, याचा विचार केला की समुद्राचा वास येतो.

माणसंही आली. मला या विषयात रस आहे तो त्यांच्यामुळं. मी मराठीत कविता लिहितो. घरात आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी. कविसंमेलनात कविता झाली की कौतुक करणारे लोक येतात. त्यांतला एखादा अगदी प्रेमानं विचारतो, ‘मराठी छान आहे हो तुमची. तुम्ही मूळचे कुठले?’ मी म्हणतो, जालन्याचा. तो म्हणतो, ‘नाही, पण मूळचे?’ या ‘मूळचे’ शब्दापाशी मी थांबतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर बंदरांच्या इतिहासात आहे आणि ते माझ्या एकट्याबद्दलचं उत्तर नाही.

दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला. ९१६ चा सुमार. चौलला तो सैमूर म्हणतो. तो लिहितो की या शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी बसऱ्याचे, कुणी ओमानचे, कुणी सिराफचे, कुणी बगदादचे आणि कित्येक तर इथंच जन्मलेले. या इथं जन्मलेल्यांसाठी त्यानं वेगळा शब्दही दिला आहे, बयासिरा. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजानं नेमलेला होता. हा राजा म्हणजे राष्ट्रकूट. त्याच्या वतीनं कोकणात शिलाहार कारभार बघत.

याच काळातला एक ताम्रपट पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडला. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा. त्यात असं आहे की संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजानं एका ‘ताजिक’ माणसाकडं, म्हणजे अरबाकडं सोपवला होता. त्याचं नाव ताम्रपटात ‘मधुमती’ असं येतं. मुहम्मदचं हे संस्कृत रूप आहे, असं अभ्यासक सांगतात. या मुहम्मदानं दोन नद्यांवर लोकांना फुकट नेणाऱ्या तरी चालू केल्या. संजाणला अन्नछत्र काढलं, तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. आणि त्याच्याच अमलात एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन दान दिली गेली. अकराशे वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखातलं हे राजपत्र आहे. मधुमती या नावात मला तरी काही विचित्र दिसत नाही. माणूस आला, कामाला लागला, लोकांनी त्याचं नाव आपल्या जिभेला सोसेल असं करून घेतलं. बंदरावर असंच होतं.

पण बंदराचं नुसतं गोड चित्र रंगवणं खरं होणार नाही. रशियातल्या त्वेर शहरचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४७० च्या सुमारास चौलला उतरला. त्यानं एक घोडा बरोबर आणला होता. दख्खनच्या सुलतानांना अरबी-इराणी घोडे हवे असत आणि ते समुद्रावाटेच येत. निकितिन घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, असं बजावलं. शेवटी खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थानं मध्ये पडून त्याची सुटका केली, घोडाही मिळवून दिला. घोडा अडवणारा मुसलमान आणि सोडवणारा मुसलमान, दोघंही एकाच वहीत आहेत. इतिहास वाचताना दोघांचीही आठवण ठेवावी लागते. आज रेवदंड्याला निकितिनचा स्मारकस्तंभ उभा आहे.

त्याहून कडू गोष्ट गुलामांची. घोड्यांसारखी माणसंही जहाजातून विकायला यायची. इथिओपियातलं एक पोर असंच विकलं गेलं. येमेनचं मोखा, मग बगदाद, असं हातोहात फिरत ते दख्खनमध्ये पोचलं आणि निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीजखानानं, त्याला विकत घेतलं. हा पेशवाही हबशीच होता. तेच पोर पुढं मलिक अंबर झालं. निजामशाही त्यानं एकट्याच्या जिवावर मोगलांसमोर उभी ठेवली. जमिनीची मोजणी करून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवायची त्याची पद्धत पुढं अनेकांनी नावाजली. १६१० साली त्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. त्यानं बांधलेली पाण्याची नहर आजही लोक बघायला जातात. १६१६ साली त्याचा मोगलांकडून पराभव झाला, तो आमच्या जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यातल्या रोशनगावला. त्यानंतर मोगलांनी खडकीची धूळधाण केली. अंबर पुन्हा उभा राहिला आणि १६२६ साली याच मातीत गेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

रोशनगावच्या शिवारातून जाताना माझ्या मनात नेहमी येतं, या माणसाला जर कुणी विचारलं असतं, ‘तू मूळचा कुठला?’, तर तो काय म्हणाला असता? त्याचं मूळ तर विकलं गेलेलं होतं. राहिलं ते त्यानं आणलेलं पाणी.

माणसांचं सांगितलं, आता आपल्या ताटाकडं बघू. आमच्याकडं भाकरी आणि ठेचा म्हणजे अस्सल मराठवाडी जेवण. भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी इकडं आलेली. ठेच्याची मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात ती पश्चिम किनाऱ्यावर घेऊन आले. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी, आणि त्या मिरीवरूनच नव्या फळाला मिरची म्हणू लागले. बटाटा त्याच वाटेनं आला, तंबाखूही आली, पेरूही आला. आता मिरचीला कुणी विचारतं का, तू मूळची कुठली? उलट मिरचीवाचून आमचा माणूस जेवत नाही.

जिभेचीही तीच गत. ‘बंदर’ हा शब्दच फारसी. खलाशी, दर्या, नाखवा हे शब्द अरबी-फारसीतून आले. जकात अरबी. आपण पावसाळ्याला इंग्रजीत मान्सून म्हणतो, तो शब्द अरबी ‘मौसम’वरून पोर्तुगीजांच्या तोंडातून निघाला. जहाजं वाऱ्यावर चालत तेव्हा जाण्या-येण्याचा मौसम ठरलेला असे. इजिप्तहून जुलैत निघालेलं गलबत मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागे. म्हणजे आमचा कोरडवाहू शेतकरी जून महिन्यात आभाळाकडं बघून ज्याची वाट पाहतो, त्याचीच वाट अरब नाखवाही पाहत होता. पगार, पाव, चावी हे शब्द पोर्तुगीजांचे. आमच्या बाजारात हमाल, व्यापारी, कारकून दिवसभर हे शब्द वापरतात. त्यांतल्या एकालाही आपण बंदरावरचा माल उतरवतो आहोत, असं वाटत नाही. शब्द रुळला म्हणजे तो घरचा झाला.

आता जवळच्या काळात येऊ. १९०० साली निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद अशी छोट्या रुळांची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि जालना स्टेशन झालं. बैलगाडीचे वीस दिवस संपले. आमच्याकडच्या कापसाच्या गाठी मनमाडला गाडी बदलून मुंबईकडं जाऊ लागल्या. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असते. त्या पाळण्याची दोरी मुंबईच्या बाजारात बांधलेली होती, हे मात्र म्हणीत येत नाही.

याच गाडीनं आमच्याकडचे हाजीही जात. तेव्हा हज म्हणजे समुद्रप्रवास. जालना-मनमाड-मुंबई. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. मग मोगल लाईनचं जहाज. ‘मुहम्मदी’, ‘मुझफ्फरी’, ‘अकबर’ ही जहाजांची नावं आमच्या घरांत नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जायची. माझे दादा, म्हणजे आजोबा, असेच गेले. दादी सांगायची, पत्र्याच्या पेटीत ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी, दोन चादरी आणि तळाला कफनाचं कापड. परत येऊच असं कुणी धरून चालत नसे. उधारी फेडायची, भांडणं मिटवायची, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या दारात जाऊन माफी मागायची आणि मग स्टेशनवर जायचं. सगळी गल्ली पोचवायला यायची. शेजारच्या काकूंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला होता. तो डबा जिद्दापर्यंत पुरला, असं दादा सांगायचे.

डेकवरचं ते तिकीट. दादांनी कोकणातले, केरळातले, बंगालमधले लोक पहिल्यांदा तिथं पाहिले. लाट उठली की सगळे एकाच भाषेत ओकायचे, असं ते हसत हसत सांगत. आजच्या क्रूझवर बंदरांच्या संस्कृतीचं जे दर्शन मिळतं, ते त्यांना डेकच्या लाकडी फळ्यांवर मिळालं. १९९५ साली समुद्रमार्गे हज बंद झाली. आता विमानानं काही तासांत जिद्दा येतं. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण माफी मागून निघण्याची ती सवय जहाजांबरोबरच थोडी कमी झाली, असं मला वाटतं.

कोकणातल्या माणसाला तर आगबोट ही चैन कधीच नव्हती. घाटवाटा आणि खाड्यांच्या त्या मुलखात तीच एस.टी. होती, तीच रेल्वे. गिरणीत काम करणारा चाकरमानी शिमग्याला, गणपतीला बोटीनं गावी जायचा. बोटींना संतांची नावं देत. त्यांतली एक ‘रामदास’. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना ती बुडाली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. महिनाभरात देश स्वतंत्र होणार होता. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या घनसावंगी तालुक्यात आहे. आमच्या गावच्या संताचं नाव लावलेली बोट कोकणच्या समुद्रात बुडाली आणि घरं उजाडली ती रायगड-मुंबईकडची. तरी आमच्याकडचे लोक म्हणतात, समुद्राशी आपला काय संबंध!

आज हा संबंध तुटलेला तर नाहीच, उलट घट्ट झाला आहे. जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून लोखंडी सळ्या होतात. त्या भंगारातलं बरंचसं परदेशातून जहाजानं येतं. कुठल्या तरी दूरच्या देशातली मोडकी यंत्रं आमच्या भट्टीत वितळतात आणि त्यांच्या सळ्या आपल्या घरांच्या छतात जातात. २०१५ साली जालन्याजवळ ड्राय पोर्टची, म्हणजे कोरड्या बंदराची पायाभरणी झाली. कल्पना अशी की माल इथंच कंटेनरमध्ये भरायचा, सीमाशुल्काची तपासणी इथंच करायची आणि कंटेनर थेट न्हावाशेवाला पाठवायचा. ‘कोरडं बंदर’ हे नाव ऐकून आमच्याकडं लोक हसले. मला हसू आलं नाही. भोकरदन आणि पैठण दुसरं काय होतं? २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरीकडून खाली उतरणारा टप्पा सुरू झाला. जालन्याहून निघालेला ट्रक आता बोगद्यातून सह्याद्री पार करून बंदराकडं जातो. नाणेघाटात रांजण होता, इथं टोलनाक्यावर फास्टॅग आहे. जकात काही सुटली नाही!

म्हणून क्रूझवर जाणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. जहाज मुंबईहून दक्षिणेला निघालं की सगळे पश्चिमेकडच्या कठड्याला गर्दी करतात, सूर्यास्त बघायला. तो बघावाच. पण थोडा वेळ दुसऱ्या बाजूलाही उभं राहावं. तिकडं किनारा असतो, त्याच्या मागं सह्याद्रीची निळी रेघ असते. त्या रेघेच्या मागं कापूस पिकवणारे, सूत काढणारे, मणी घडवणारे, गाड्या हाकणारे लोक दोन हजार वर्षं राहत आले. चौल असो, दाभोळ असो की मुंबई, ही शहरं त्यांच्या कष्टांवर उभी राहिली. आणि त्या शहरांतून आत आलेली माणसं, धान्यं, शब्द त्या रेघेच्या मागं मुरले. चौलला उतरलेल्या अरबाची पोरं मराठी झाली, पोर्तुगीजांची मिरची मराठवाडी झाली, हबशी गुलाम दख्खनचा कारभारी झाला. यांतलं काय मूळचं आणि काय बाहेरचं, हे वेगळं करायला बसलं तर ताटातली भाकरीसुद्धा उचलून ठेवावी लागेल.

आणखी एक सांगणं माझ्या जिल्ह्यातल्या लोकांना. भोकरदनच्या पोरांना पॉम्पेई कुठं आहे, हे कदाचित पुस्तकातून कळत असेल. पण पॉम्पेईच्या राखेत सापडलेल्या मूर्तीचा माग आपल्या गावापर्यंत येतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. गावाबाहेरच्या पांढरीवर ती पोरं खेळतात, खापरं उचलून एकमेकांवर फेकतात. फार मोठी मागणी नाही. नेपल्सच्या संग्रहालयातल्या त्या मूर्तीचा एक मोठा फोटो भोकरदन तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत लावावा आणि त्याच्या खाली दोन ओळी लिहाव्यात: ही कुठं सापडली, आणि आपल्या गावात तिच्यासारखं काय सापडलं. उद्या त्यांतलं एखादं पोर मुंबईला, पुण्याला किंवा परदेशात गेलं आणि त्याला कुणी विचारलं, ‘मूळचा कुठला?’, तर त्याला ताठ मानेनं उत्तर देता येईल.